व्याह्यांची बुर्जी

"सूनबाई, चहा टाका. तुमच्या नोकरीचा निकाल लावायला बसतोय आमी," मामा म्हणाले आणि त्यांनी बाहेरच्या सोप्यात जाजमावर बुद्धिबळाचा पट उलगडला.

मामा म्हणजे माझे सासरे, भूपाल चौगुले. आमच्या शिरोळकडच्या भागात सासऱ्याला मामाच म्हणतात. गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. रोज संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर बुद्धिबळ खेळायचे आणि रोज जिंकायचे, कारण समोर सोसायटीचा सेक्रेटरी बसायचा. सेक्रेटरीला नोकरी टिकवायची होती, त्यामुळे त्याचा खेळ फार सुधारला नाही.

त्या दिवशी समोर माझे वडील होते, नेमगोंडा मगदूम मास्तर. आमचे आप्पा. दुपारच्या यष्टीने आले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून भिंतीला टेकून बसले होते. माझी टेलिफोन खात्यातली नेमणूक कऱ्हाडला झाली होती. परीक्षा मी लग्नाआधी दिली होती, त्यामुळे कागद माहेरच्या पत्त्यावर आला आणि तो घेऊन आप्पा माझ्या सासरी आले. आल्यापासून त्यांनी तो कागद तीनदा खिशातून काढला आणि तीनदा परत ठेवला. व्याह्यासमोर कागद कुठल्या क्षणी काढावा, याचं शिक्षण मास्तरकीच्या कोर्सात देत नसावेत.

शेवटी मीच सांगून टाकलं.

"टेलिफोन?" मामा म्हणाले. "म्हंजे दिवसभर हॅलो हॅलो? परक्या गड्यांशी?"

"मामा, बायकाही फोन करतात," मी म्हटलं.

"मग तर आणिक वाईट. त्यांची बिलं कोण भरतंय?"

"रात्रपाळी असंल," आत्ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. आत्ती म्हणजे सासूबाई. त्यांनी ते तक्रार म्हणून विचारलं की नुसतंच, हे मला त्या वेळी कळलं नाही.

"आठवड्यातनं एकदा," मी म्हटलं.

"ऱ्हायचं कुठं?" आत्तींनीच विचारलं.

"तिथं मुलींसाठी खोल्या आहेत."

माझा नवरा धनपाल तिथेच खुर्चीत पेपर वाचत बसला होता. साखर कारखान्यात क्लार्क. त्याने पेपरचं पान उलटलं. या विषयावर त्याचं एवढंच मत पडलं. लग्न ठरताना मला म्हणाला होता, "नोकरीला माझी हरकत नाही." खरंच नव्हती. हरकत घ्यायची तर तोंड उघडावं लागतं.

मामांनी आप्पांकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं, मास्तर?"

आता, आमचे आप्पा दरवर्षी तीन जानेवारीला शाळेत स्त्रीशिक्षणावर भाषण करायचे. मुठी आवळून, चष्मा काढून. पोरी टाळ्या वाजवायच्या, मीही वाजवल्या आहेत. म्हटलं, आता तो चष्मा निघणार.

"माझं म्हणणं असं," आप्पा म्हणाले, "की तुमी म्हणाल तसं."

"असं कसं? पोरगी तुमची."

"दिली तुमाला. आता तुमची."

मी एखादी म्हैस असते तर निदान दात तरी बघितले असते.

मामांना हे उत्तर आवडलं. इतकं आवडलं की ते उदार झाले. म्हणाले, "मास्तर, तुमी डाव चांगला खेळता म्हणं. आमीपण बरं खेळतो. मांडू या. तुमी जिंकला तर सून कऱ्हाडला जाईल, मी आडवं येणार न्हाई. मी जिंकलो तर ह्यो कागद चुलीत."

"हॅहॅ," आप्पा म्हणाले.

"हसू नका, खरं सांगतोय. चौगुल्यानं शब्द दिला म्हंजे दिला. धनपाल, तू साक्षीदार."

धनपालने पान उलटलं.

"आणि बरोबरी झाली तर?" मी विचारलं.

दोघंही हसले. "बरोबरी पोरासोरांत व्हती," मामा म्हणाले. "गड्या-गड्यांत निकाल लागतोय."

असा माझा निकाल लावायला दोन गडी बसले.

मोहरे लाकडी होते, लाल आणि हिरवे. मामांनी हिरवे घेतले. "आमच्या घरात देशी डाव," ते म्हणाले. "तुमच्या इंग्रजी डावात प्यादी दोन-दोन घरं उड्या मारत्यात, आमच्यात न्हाई. राजा एकदा घोड्यासारखा उडणार. आणि बुर्जी मान्य."

"मान्य की," आप्पा म्हणाले. "आमीबी देशीच."

बुर्जी हा शब्द आता कुणाला माहीत नाही, म्हणून सांगते. देशी डावात समोरच्याचे सगळे मोहरे खाऊन त्याचा राजा एकटा पाडला, की डाव तिथेच थांबतो. त्याला बुर्जी म्हणायचं. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. मात करायची तर समोरच्याचं निदान एक प्यादं जिवंत ठेवून करायची. हावरटासारखं शेवटचं प्यादं खाल्लं, की हातचा डाव गेला.

मला हे आप्पांनी शिकवलं होतं. आप्पांना खेळायला घरात कुणी नव्हतं. भाऊ गोट्या खेळायला पळायचा, आई पटाला हात लावायची नाही. म्हणून मी. पहिल्यांदा आप्पांना हरवलं तेव्हा त्यांनी शेजारच्या चार घरांत जाऊन सांगितलं. लग्न ठरलं त्या दिवशी पट माळ्यावर गेला. म्हणाले, "राजू, सासरी डाव येतो म्हणून सांगू नको. सासरा खेळणारा हाय. उगाच मनात यायचं त्याच्या."

मी सांगितलं नव्हतं. त्यामुळे मी चहा घेऊन गेले तेव्हा मामा मला शिकवायला लागले.

"सूनबाई, ह्यो घोडा बघ. अडीच घरं जातोय."

"होय का, मामा? मला वाटलं टांग्याला जुंपतात."

मामा मोठ्याने हसले. आप्पांना ठसका लागला.

खेळ सुरू झाला. मामांची खेळायची एक पद्धत होती. मोहरा उचलायचा, नव्या घरात ठेवायचा, पण बोट उचलायचं नाही. बोट मोहऱ्यावर आणि डोळे समोरच्याच्या चेहऱ्यावर. समोरचा जरा खुश दिसला, की मोहरा परत. "हात सोडला न्हवता अजून." सेक्रेटरी बिचारा मामांनी चाल केली की मेल्यासारखा चेहरा करून बसायचा म्हणे.

आप्पांना ते जमत नव्हतं. मामांनी उंट पुढे टाकला, आप्पांच्या भुवया वर गेल्या, उंट परत घरी आला.

"पावणं, चाल झाली की तुमची," आप्पा हळूच म्हणाले.

"कुठं? बोट हाय की."

"बरं बरं."

वजिराच्या बाबतीतही तसंच झालं. त्या वेळी तर बोटही उचललेलं होतं. "माशी बसली म्हणून उचललं," मामा म्हणाले. सोप्यात एक माशी होती खरी. ती धनपालच्या पेपरवर बसली होती.

हे सगळं देऊनसुद्धा आप्पा पुढे होते. आमचे आप्पा फार मोठे खेळाडू नव्हते, खोटं कशाला सांगू. तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत घरी यायचे. पण सेक्रेटरीपेक्षा बरे होते आणि मामांना सेक्रेटरीशिवाय कुणाची सवय नव्हती. आप्पांच्या लाल घोड्याने शह दिला आणि त्याच उडीत मामांचा वजीर धरला, तेव्हा मामा पटाकडे असे बघत राहिले, जणू कुणी त्यांच्या रानातला बांध सरकवला आहे.

"असलं चालत न्हाई आमच्यात," ते म्हणाले.

"काय चालत नाही?"

"दोघादोघांवर एकदम."

"घोडा हाय, पावणं. त्याला काय कळतंय?"

वजीर गेला. मामांनी कपाळावरचा घाम पुसला. मी दारात उभी होते, रिकामी कपबशी हातात. आत नेऊन ठेवायची होती, पण मी पट बघत राहिले. मनात मी ट्रंक भरायला घेतली होती. कुठली लुगडी न्यायची, कुठली आत्तींना द्यायची. खोलीत खिडकी असेल का. सकाळी उठल्यावर कुणाला न विचारता दार उघडून बाहेर जाता येईल का. लोकांना वाटतं मुलींना नोकरीत पगार हवा असतो. मला तर ते दार हवं होतं.

"दिवस कलला," आत्ती आतून म्हणाल्या. "उरका. जेवायचं हाय."

आमच्या जैनांच्या घरात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. मावळतीच्या आत पुरुषांची पंगत उठायला हवी आणि त्यानंतर बायकांची. सूर्य पंगतींसाठी थांबत नाही, म्हणून रोज आमच्या ताटांवर घाई असायची. मामांनी हात नुसता वर केला. थांब.

हत्तीला हत्ती गेला, आप्पांचा वजीरही मामांच्या घोड्याने खाल्ला. उंटाला उंट गेला. प्यादी एकामागून एक डब्यात पडत गेली. शेवटी मामांच्या बाजूला राजा उरला आणि एक प्यादं. आप्पांकडे राजा, एक हत्ती आणि तोच घोडा.

मामांचं ते प्यादं डाव्या कडेने आप्पांच्या बाजूला पळत होतं. मामांचा सगळा जीव त्या प्याद्यात. राजा त्यांनी उजव्या कोपऱ्यात नेऊन कोंडला होता, म्हणजे त्याच्याकडे बघायला नको. "आता बघा मास्तर," ते म्हणाले, "हत्तीच्या घरचं प्यादं, पोचलं की हत्ती हुतोय माझा. मग बघू."

मी पटाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात घरं मोजली.

आप्पांचा हत्ती डाव्या कडेलाच होता, मामांच्या शेवटच्या ओळीच्या आधीच्या ओळीत. घोडा मामांच्या राजापासून दोन घरं तिरका. चाल आप्पांची. हत्ती आडवा न्यायचा, त्याच ओळीतून सरळ, पार राजाच्या समोर. मात. राजाला हत्ती खाता येत नाही, घोड्याचा जोर आहे. बाजूच्या घरात सरकता येत नाही, तिथेही घोडाच. एवढी सोपी मात आप्पांनी मला पहिल्या वर्षी शिकवली होती. पाटीवर काढून.

तोच हत्ती उभा खाली आणला, तर ते पळतं प्यादं मिळत होतं.

आप्पांनी हत्तीला हात लावला.  त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. एकदा मामांकडे पाहिलं. मामा प्याद्याकडे बघत होते. माझ्याकडे आप्पांनी पाहिलं नाही.

हत्ती उभा खाली आला. प्यादं उचललं.

 मग मामांनी जाजमावर थाप मारली.

"बुर्जी! बुर्जी झाली, मास्तर!"

"आँ?" आप्पा म्हणाले. "अरे, व्हय की."

"हावरं हावरं! शेवटचं प्यादं खाल्लं! सेक्रेटरीपण असं करत न्हाई!"

"ते पळत होतं ना, म्हटलं खावं..."

"राजा एकटा ऱ्हायला, डाव बरोबरीचा!" मामांनी उठून आप्पांना मिठी मारली. दोघं इतके खुश, जसं काही मला पोरगा झाला. मामा धनपालला म्हणाले, "बघितलंस? वजीर गेलेला असताना बरोबरी काढली. मुद्दाम प्यादं पुढं सोडलं मी, मास्तर भुलतील म्हणून."

धनपालने पेपर खाली ठेवला. "छान झाला डाव," तो म्हणाला. दुपारपासूनचं त्याचं ते पहिलं वाक्य.

"मग माझं काय?" मी विचारलं.

"तुझं काय?" मामांच्या डोक्यातून मी गेले होते. "हां. बरोबरी झाली. म्हंजे आहे तसं ऱ्हायचं. तू घरी, कागद मास्तरांच्या खिशात. चुलीत न्हाई घालत, तेवढं मास्तरांचं राखू."

"बरोबर आहे," आप्पा म्हणाले.

पुरुष जेवायला बसले. मी वाढलं. मामांनी तो डाव पहिल्या चालीपासून परत सांगितला, त्यात माशी नव्हती. आप्पा दरवेळी मान हलवत होते. आत्तींनी श्रीखंड केलं होतं, व्याही येणार म्हणून. आप्पांनी दोनदा घेतलं. मला त्यांच्या ताटात वाटी उपडी करावीशी वाटत होती, पण मी ती भरत होते. शेवटचा घास होईतो बाहेरचा उजेड तांबूस झाला आणि ताटं उचलेपर्यंत गेला. आत्ती दारातून आकाशाकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी आमच्या दोघींसाठी काढून ठेवलेल्या भाकऱ्यांवर फडकं टाकलं.

"मावळला," त्या म्हणाल्या. "आता उद्या."

डाव दोघांचा बरोबरीचा झाला होता, उपास दोघींचा.

आप्पा हात धुवायला मागच्या परड्यात आले. मी तांब्याने पाणी घालत होते.

"आप्पा," मी म्हटलं, "हत्ती आडवा होता."

"हळू बोल," आप्पा म्हणाले.

बस. मला तोपर्यंत वाटत होतं की चुकले. वयाने नजर कमी झाली, घाबरले, प्याद्याला भुलले. चुकलेल्या बापाला मी माफही केलं असतं. 'हळू बोल' म्हणाले आणि पाणी घालणारा माझा हात थांबला.

"म्हणजे दिसला होता."

"मी शिकवलंय तुला, राजू. मला दिसणार न्हाई?"

"मग?"

"मग काय मग? त्यांच्या सोप्यात बसून, त्यांच्या पोरासमोर, त्यांना मात देऊ? पोरीचा बाप हाय मी. पोरीच्या बापानं व्याह्याला हरवून यष्टीत बसायचं, आणि पोरीनं हितं दिवस काढायचं? तुझ्यासाठीच सोडली मी मात."

"मला इथं दिवस काढायचे नव्हते, आप्पा. तोच तर डाव होता."

"वाईट वाटून घेऊ नको. बुर्जी झाली. हरलो तर न्हाई ना?"

"तुम्ही नाही हरलात."

 त्यांनी हात ओले तसेच पुढे धरले होते. मी तांब्या खाली ठेवला आणि घरात गेले. हात त्यांनी कशाला पुसले, मला माहीत नाही.

सोप्यात मामा धनपालला सांगत होते, "मास्तर तसा बरा खेळतोय, पण हावरा. तितंच मी वळिकलं..."

"मामा," मी म्हटलं, "आप्पांनी तुम्हाला सोडलं."

"काय?"

"मात होती. त्यांना दिसली होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून प्यादं खाल्लं."

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सून नोकरीला निघाली, त्याचं त्यांना दुपारी इतकं लागलं नव्हतं. व्याह्याने दया केली, हे मात्र वर्मी लागलं.

"मास्तर!" ते ओरडले. "हिकडं या! कुठं होती मात? मांडा!"

आप्पा आले. उभेच राहिले. "जाऊ द्या, पावणं. पोरगी काहीतरी बोलती."

"मांडा म्हणतोय मी!"

आप्पा मांडेनात. मीच खाली बसले. डबा ओतला आणि मोहरे ठेवले. मामांचा राजा कोपऱ्यात, प्यादं डाव्या कडेला, हत्ती, घोडा, आप्पांचा राजा. एकही घर चुकलं नाही.

मामा माझ्या हाताकडे बघत होते. "तुला डाव येतोय?"

"घोडा अडीच घरं जातो, तेवढं तुम्हीच शिकवलंत."

"मास्तर," मामा म्हणाले, "खरं सांगा. दिसली हुती मात?"

आप्पांनी पटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या दिवसात पहिल्यांदाच. मला वाटलं, बोलतील. तीन जानेवारीचा आवाज काढतील.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "मला काय दिसली न्हाई. अजूनबी दिसत न्हाई."

"बघ!" मामा माझ्यावर उलटले. "बघ! दिसत न्हाई म्हणतोय मास्तर! मातच न्हाई हितं!"

मी हत्ती उचलला आणि आडवा नेला. ठेवला. बोट उचललं, सगळ्यांना दिसेल असं.

मामा वाकले. बोटाने घरं चाचपली. हे घर, घोडा. हे घर, हत्ती. हत्तीलाच खावं, तर परत घोडा. पुन्हा पहिल्यापासून. कुठेच जागा नव्हती. धनपालही वाकून बघत होता, आणि त्याच्या तोंडून निघालं, "आयला, मात हाय की."

"तू गप!" मामा म्हणाले. मग सावरून बसले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसायचे तसे. "डाव संपलाय. संपलेल्या डावात चाल न्हाई. बुर्जी ती बुर्जी."

"मान्य," मी म्हटलं. "डाव बरोबरीचा. मी कधी कुणाला दुसरं सांगणार नाही."

"हां."

"सकाळच्या यष्टीनं मी कऱ्हाडला जाते."

"आँ?"

"इथं राहिले तर रोज कुणी ना कुणी विचारणार, व्याह्यांचा डाव काय झाला म्हणून. पाणवठ्यावर, देवळात, सोसायटीच्या कट्ट्यावर. मी हे असं मांडून दाखवीन. सेक्रेटरीलासुद्धा."

"राजमती!" आप्पा म्हणाले. पुरतं नाव घेतलं, म्हणजे रागावले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांच्या वाटणीचं माझं परड्यातच बघून झालं होतं.

मामांनी पटावरचा हिरवा राजा उचलला आणि परत कोपऱ्यात ठेवला. हिशेब चालला होता. एका बाजूला सून, घराण्याची रीत, रात्रपाळी, परके पुरुष. दुसऱ्या बाजूला सेक्रेटरीचा चेहरा.

तेवढ्यात आत्ती दारात आल्या. पदर खोचलेला. "एवढा काय इचार करतायसा?" त्या मामांना म्हणाल्या. "हितं तुमच्या डावापायी उपाशीच झोपायचं, तर कऱ्हाडात जाऊन उपाशी झोपू दे की तिला. धनपाल, पहिली यष्टी किती वाजता असती?"

"सहाला," धनपाल म्हणाला. त्याला वेळ पाठ होती. माझ्यासाठी त्याने आयुष्यात केलेल्या मोठ्या कामांत मी हे धरते.

मामांनी पट गुंडाळला. "बरोबरी," ते मला म्हणाले, बोट रोखून.

"बरोबरी," मी म्हटलं.

असा एका चौगुल्याने शब्द पाळला. अर्थात दुपारी दिलेला नव्हे, आत्ता बदल्यात दिलेला.

सकाळी धनपालने ट्रंक स्टँडवर आणली. आत्तींनी भाकरी बांधून दिली होती, उजाडल्यावर खायची ताकीद देऊन. आप्पाही त्याच यष्टीत होते, सांगलीपर्यंत. शेजारी बसून त्यांनी कागद काढून माझ्या हातात दिला. आता काढायला हरकत नव्हती. म्हणाले, "बघ, शेवटी चांगलंच झालं की नाही? मी मात दिली असती तर भूपालराव पेटले असते. जमलं ते बुर्जीमुळंच." सांगली येईपर्यंत त्यांची खात्री पटली होती की ही सगळी चाल त्यांचीच होती. पुढच्या तीन जानेवारीला त्यांनी भाषणात माझं उदाहरण दिलं. चष्मा काढून.

मी कऱ्हाडला नोकरी केली, मग सांगलीला, मग पुण्याला. धनपाल पुढे बदली मागून माझ्याकडे आला. आल्यावर त्याने पहिल्यांदा पेपर कोण टाकतो ते विचारलं.

व्याही मात्र खेळत राहिले. दरवर्षी दिवाळीला, पुढे माझ्या मुलीच्या वाढदिवसाला. दरवर्षी बुर्जी. आप्पा एकेक मोहरा खात जायचे, मात समोर आली की वळसा घालून शेवटचं प्यादं खायचे, आणि मामा थाप मारायचे. मामांना सगळं माहीत होतं. आप्पांना माहीत होतं की मामांना माहीत आहे. गावात त्या दोघांचं उदाहरण द्यायचे, व्याही असावेत तर असे.

एकच अडचण होती. हिरव्या मोहऱ्यांत एक प्यादं कमी होतं. त्या रात्री डबा भरताना मी ते कमरेला खोचलं होतं. त्याच्या जागी ते सुपारी मांडायचे. इतकी वर्षं सुपारी मांडली, पण प्यादं कुठे गेलं, हे दोघांपैकी एकानेही मला विचारलं नाही. विचारलं असतं तर दाखवलं असतं. टेलिफोन खात्यात माझ्या टेबलाच्या खणात असायचं.

मामा शेवटच्या आजारात मला म्हणाले, "तुझ्या बापासारखा खेळाडू बघितला न्हाई. एकदापण हरवता आला न्हाई मला."

"आणि त्यांना तुम्ही?"

"त्येलाबी मी न्हाई," मामा म्हणाले आणि समाधानाने डोळे मिटले.

आप्पा त्यांच्यामागून गेले. मी शब्द दिला होता, दोघं असेपर्यंत पाळला. आता दोघंही नाहीत, सेक्रेटरीही नाही, कट्ट्यावर बँकेची शाखा आहे. म्हणून सांगते. त्या दिवशी बरोबरी झाली नव्हती. हत्ती आडवा गेला, मी नेला आणि मात झाली. आणि मात झाली तेव्हा ते प्यादं पटावर जिवंत होतं, नियमाला लागतं तसं.